चिमणी भुर्र, म्हैस भुर्र : थांबण्याचे शास्त्र आणि मंत्रचळ

'चिमणी उडाली भुर्र' हा खेळ ठाऊक नाही असा शिक्षक महाराष्ट्रात शोधूनही सापडायचा नाही. मुले गोल करून बसतात, प्रत्येकाचे एक बोट जमिनीला टेकलेले असते आणि राज्य असलेला गडी झपाझप नावे घेतो : चिमणी भुर्र, कावळा भुर्र, पोपट भुर्र, आणि मध्येच म्हैस भुर्र! पक्ष्याचे नाव आले तर बोट उचलायचे, नाहीतर जागच्या जागी ठेवायचे. म्हशीला बोट उचलले की गडी बाद.

बाद झालेल्या मुलाला म्हैस उडत नाही हे ठाऊक नसते असे नाही. त्याची चूक ज्ञानाची नव्हे. तीन-चार वेळा बोट उचलून झाल्यामुळे पुढच्या वेळी ते उचलण्याची तयारी शरीराने आधीच केलेली असते. 'म्हैस' हा शब्द कानावर पडून त्याचा अर्थ लागेपर्यंत आज्ञा सुटलेली असते, आणि सुटलेली आज्ञा माघारी बोलावण्यात उशीर होतो. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत ह्याच खेळाला 'गो / नो-गो चाचणी' म्हणतात. तिथे चिमण्या आणि म्हशींच्या जागी संगणकाच्या पडद्यावर आकृत्या किंवा अक्षरे येतात आणि बोटाखाली जमिनीऐवजी बटण असते, एवढाच फरक.

थांबणे म्हणजे काही न करणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मेंदूच्या दृष्टीने मात्र थांबणे हीही एक क्रिया आहे. तिला वेळ लागतो, ती मेंदूच्या ठरावीक भागांकडून होते आणि ती एखाद्याची जलद तर एखाद्याची संथ असू शकते. मंत्रचळ ह्या आजाराविषयी गेल्या दोन-तीन दशकांत झालेले बरेचसे संशोधन ह्या क्रियेभोवती फिरते. शिक्षकांनी ते समजून घ्यावे असे वाटते, कारण ह्या आजाराची सुरुवात बऱ्याचदा शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या वयात होते आणि पहिली चिन्हे पुष्कळदा वहीच्या पानावर दिसतात.

थांबायला किती वेळ लागतो?

एखादी क्रिया सुरू करायला किती वेळ लागतो, हे मोजणे सोपे आहे. पट्टी सोडून पकडण्याचा प्रयोग आपण विज्ञानाच्या तासाला करतोच. २० सेंटिमीटर पडल्यावर पट्टी पकडली, तर मुक्त पतनाच्या सूत्राने वेळ सुमारे ०.२ सेकंद येतो. पण 'न केलेल्या' गोष्टीचा वेळ मोजायचा कसा? बोट उचललेच नाही, तर घड्याळ थांबवायचे कशावर?

ह्याची युक्ती गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन ह्यांनी १९८४ साली मांडली. ती वर्गात ढोबळमानाने करून पाहता येते. शिक्षकाने एकामागून एक अंक उच्चारायचे. सम अंक आला तर मुलांनी उजवा हात वर करायचा, विषम आला तर डावा, आणि तोही जमेल तितक्या लवकर. मात्र अधूनमधून, समजा चारांत एकदा, अंक उच्चारल्यावर लगेच एक टाळी वाजवायची. टाळी ऐकू आली तर हात उचलायचा नाही. अंकापाठोपाठ झटकन टाळी वाजली, तर बहुतेक मुले थांबतात. टाळीला थोडा उशीर केला की हात वर गेलेलेच दिसतात. (हुशार मुले लवकरच टाळीची वाट पाहत हात उचलायला उशीर करू लागतात. प्रयोगशाळेतली मोठी माणसेही हेच करतात, म्हणून 'वाट पाहू नका' अशी ताकीद आधीच द्यावी लागते.)

लोगन आणि कोवन ह्यांच्या म्हणण्यानुसार इथे दोन धावपटूंची शर्यत चालू असते. अंक ऐकताच 'कर' हा धावपटू सुटतो आणि टाळी ऐकताच 'थांब' हा सुटतो. जो आधी पोचेल त्याचे चालते. समजा एखाद्या मुलाला हात उचलायला सरासरी ०.५० सेकंद लागतात, आणि अंकानंतर ०.२८ सेकंदाने टाळी वाजवली तर तो बरोबर निम्म्या वेळा थांबू शकतो. निम्म्या वेळा म्हणजे शर्यत बरोबरीत सुटते. मग 'थांब'ला धावायला लागलेला वेळ ०.५० उणे ०.२८, म्हणजे ०.२२ सेकंद. न घडलेल्या गोष्टीचा वेळ असा वजाबाकीने हाती येतो. निरोगी तरुण माणसात तो साधारण एक पंचमांश ते एक चतुर्थांश सेकंद भरतो. लहान मुलांत तो अधिक असतो आणि वाढत्या वयाबरोबर कमी होत जातो, म्हणून पहिलीतली मुले म्हशीला जास्त उडवतात. त्यात काळजी करण्यासारखे काही नाही.

हा ब्रेक मेंदूत कुठे असतो? ॲडम ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांची ही चाचणी घेतली. उजव्या बाजूला, कपाळाच्या मागे खालच्या अंगाला असलेल्या एका वळीला जितकी जास्त इजा, तितका थांबायला जास्त वेळ, असे त्यांना आढळले. हा भाग एकटा काम करत नाही. तिथून निघालेला आदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या पुंजक्यांकडे जातो. ह्या पुंजक्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. कोणत्या हालचालीला वाट मोकळी करायची आणि कोणती अडवायची, ह्याचा निवाडा करण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. मंत्रचळाच्या रुग्णांच्या मेंदूत बिघाड दिसतो तो कपाळामागचा मेंदू, हे पुंजके आणि थॅलॅमस ह्यांना जोडणाऱ्या अशाच वर्तुळाकार मार्गांमध्ये.

कुलूप लावले का?

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळ्याच्या पुढचे स्टेशन खडवली. मुंबईहून येणाऱ्या पुष्कळ लोकल टिटवाळ्यालाच संपतात, त्यामुळे भातसा नदीकाठच्या ह्या गावात एक गाडी चुकली की पुढची लगेच मिळेल असा भरवसा नसतो. समजा, इथला एक कारकून रोज सकाळी ठाण्याला कामाला जातो. घराला कुलूप लावतो, ओढून पाहतो, निघतो. गल्लीच्या टोकाशी मनात येते : लागले ना? मागे फिरतो, ओढून पाहतो. लागलेले असते. पुन्हा निघतो. स्टेशनाच्या जिन्याशी परत तेच. आता गाडीचा आवाज ऐकू येतो आहे, ही चुकली तर लेट मार्क लागणार हेही ठाऊक आहे, कुलूप लागलेले आहे हेही ठाऊक आहे. तरी तो मागे फिरतो.

शेवटच्या दोन वाक्यांत आजाराचे मर्म आहे. कुलूप एकदा ओढून पाहणे ही सवय झाली. ती तुम्हाआम्हा सगळ्यांना असते. मंत्रचळाच्या रुग्णाला आपले वागणे निरर्थक आहे हे बहुतेक वेळा कळत असते, तरीही ते आवरत नाही. नको असताना मनात घुसणारा विचार आणि त्याने उठलेली अस्वस्थता शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा केलेली कृती, अशी ही जोडी असते. विचार घाण लागल्याचा असेल तर कृती धुण्याची, शंकेचा असेल तर तपासण्याची. काहींची कृती मनातल्या मनातही चालते, जसे मोजणे किंवा ठरावीक शब्द म्हणणे. अशा गोष्टींत दिवसाचा तासापेक्षा अधिक वेळ जाऊ लागला किंवा त्यांनी शिक्षण, नोकरी, संसार ह्यांत अडथळा येऊ लागला, की डॉक्टर त्याला आजार म्हणतात. जगभरातल्या पाहण्यांवरून शंभरांतल्या एक ते तीन जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होतो. इंग्रजीत त्याला 'ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसॉर्डर', थोडक्यात ओसीडी म्हणतात. मराठीत मंत्रचळ हा जुना, ठसठशीत शब्द आहे : एकच गोष्ट मंत्रासारखी घोकत राहण्याचा चळ. इंग्रजी आद्याक्षरांपेक्षा मला हा बरा वाटतो.

इथे हमखास विचारला जाणारा प्रश्न सोवळ्याचा. आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची, कुणाचा स्पर्श झाला तर पुन्हा स्नान करायची, मग तिलाही मंत्रचळ होता का? सोवळ्याओवळ्याबद्दल सामाजिक दृष्टीने पुष्कळ बोलता येईल आणि बोलले पाहिजे, पण तो आजार नव्हे. आजीचे स्नान संपत असे. नियम पाळला गेला की तिचे समाधान होई आणि ती पुढच्या कामाला लागे. रुग्णाला हे 'झाले' कधी लाभतच नाही. हात स्वच्छ दिसतात, साबणाचा वास येतो, कातडी सोलवटते, तरी आतून 'पुरे' अशी खूण मिळत नाही.

ब्रेक सैल की भोंगा मोठा?

कृती आवरत नाही तर थांबण्याची यंत्रणाच संथ असेल का, हा प्रश्न साहजिक आहे. केंब्रिजच्या सॅम्युएल चेंबरलेन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली वीस रुग्ण, रुग्णांचे वीस निरोगी जवळचे नातेवाईक आणि वीस इतर निरोगी माणसे ह्यांची 'थांब' चाचणी घेतली. रुग्णांना थांबायला सरासरीने अधिक वेळ लागला. लक्षात राहण्यासारखा निष्कर्ष त्यापुढचा आहे : ज्यांना स्वतःला आजाराचे कोणतेही लक्षण नव्हते, अशा नातेवाइकांनाही अधिक वेळ लागला. म्हणजे संथपणा हा आजाराने आलेल्या थकव्याचा किंवा औषधांचा परिणाम म्हणून उडवून लावता येत नाही. तो कुटुंबात वाहत आलेला असावा. बंगळुरूच्या निम्हान्स ह्या संस्थेत रुग्णांच्या निरोगी भावंडांवर झालेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही ह्याच दिशेने जातो.   

पण इथे पाऊल जपून टाकले पाहिजे. हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. पुष्कळ रुग्णांचा वेळ निरोगी माणसांइतकाच येतो, पुष्कळ निरोगी माणसे संथ निघतात आणि काही अभ्यासांत फरक सापडलेलाही नाही. अतिचंचल मुलांचा ब्रेकही संथ असतो, आणि त्यांचे वागणे तर मंत्रचळाच्या अगदी उलट दिसते. तेव्हा टाळीच्या प्रयोगावरून वर्गातला कोण रुग्ण हे ठरवण्याच्या फंदात कुणी पडू नये. शिवाय सेकंदाच्या विसाव्या हिश्शाचा उशीर आणि नळाखाली घालवलेला एक तास ह्यांत फार मोठे अंतर आहे. नुसत्या सैल ब्रेकने ते भरून निघत नाही.

दुसरा दुवा विल्यम गेहरिंग आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या प्रयोगात मिळतो. चुकीचे बटण दाबले गेले की पाऊण-एक दशांश सेकंदाच्या आत डोक्याच्या पुढच्या-मधल्या भागावर विजेची एक छोटी लाट नोंदता येते. ही मेंदूची 'चुकले!' अशी आरोळी. मंत्रचळाच्या रुग्णांत ही लाट इतरांपेक्षा मोठी निघाली. बटण दाबण्यात ते इतरांपेक्षा जास्त चुकत होते असेही नाही. चूक तेवढीच, भोंगा मात्र मोठा. म्हणजे आपला खडवलीचा कारकून दोन्हीकडून कोंडीत सापडलेला असतो : आत भोंगा जोरात वाजतो आहे आणि पाय मागे वळू नयेत म्हणून लावायचा ब्रेक जेमतेम धरतो आहे. ह्या परिस्थितीत 'मन घट्ट कर' हा सल्ला कितपत उपयोगी पडेल, हे वाचकांनीच ठरवावे.

बरे, मागे जाऊन कुलूप पाहिले तर निदान खात्री तरी पटते का? मार्सेल व्हॅन डेन हाऊट आणि मेरेल किंट ह्या डच संशोधकांनी २००३ साली ह्याचे अनपेक्षित उत्तर दिले. त्यांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकावरच्या गॅसच्या शेगडीच्या कळा पुन्हा पुन्हा तपासायला लावल्या. बऱ्याच वेळा तपासून झाल्यावर शेवटच्या तपासणीविषयी विचारले, तेव्हा उत्तरे जवळजवळ पूर्वीइतकीच बरोबर होती, पण आठवण पुसट झाली होती आणि 'मला नक्की आठवते' हा विश्वास घसरला होता. कारण उघड आहे. एकदा पाहिलेले कुलूप हे एक चित्र असते. वीस वेळा पाहिलेल्या कुलपाची वीस चित्रे एकमेकांवर पडून सगळीच धूसर होतात. तपासल्याने शंका फिटत नाही, वाढते. ही शंका निरोगी विद्यार्थ्यांच्या मनातही काही मिनिटांत निर्माण करता आली.

माकड आठवू नको

औषध घेताना माकडाची आठवण काढू नको, असे सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आपण ऐकलेली असते. बिचाऱ्या रोग्याला मग माकडाशिवाय काही आठवेना. अमेरिकेत डॅनियल वेग्नर ह्यांनी १९८७ साली हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलावर केला. अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या लोकांना ते जमले तर नाहीच, आणि पुढे विचार करायची मोकळीक मिळाल्यावर त्यांच्या मनात ते अधिकच वेळा आले.

मंत्रचळाच्या उपचाराचे गमक इथे आहे. विचारावर ब्रेक लावता येत नाही, लावायला गेले तर तो उसळतो. हातावर मात्र लावता येतो, ब्रेक थोडा संथ असला तरी. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर मेयर ह्यांनी १९६६ साली दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तोवर ह्या आजारापुढे डॉक्टरांनी जवळजवळ हात टेकले होते. मेयर ह्यांनी रुग्णांना ज्याची धास्ती वाटे त्याच गोष्टींना सामोरे नेले आणि त्यानंतरची कृती परिचारिकांच्या मदतीने होऊ दिली नाही. अस्वस्थता चढली, काही काळ टिकली आणि कृती न करताही ओसरली. हीच पद्धत पुढे सुधारत गेली. आज ती रुग्णाच्या संमतीने, त्यानेच आखलेल्या पायऱ्यांनी केली जाते, जबरदस्तीने नव्हे.

आपल्या कारकुनाच्या बाबतीत ती अशी : पहिल्या आठवड्यात कुलूप एकदाच ओढायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि तिथे उभे राहायचे. भीती शंभरापैकी किती, हा आकडा वहीत लिहायचा. मागे फिरायचे नाही, 'लागलेच आहे' अशी मनाची समजूतही घालायची नाही, कारण ती समजूत हीदेखील एक तपासणीच. थोड्या वेळाने पुन्हा आकडा लिहायचा. ते जमले की पुढची पायरी स्टेशनची, मग गाडीत चढण्याची. शंका येतच राहील. फक्त तिच्या सांगण्यावरून पाय हलणार नाहीत, एवढे शिकायचे असते.

औषधांचाही चांगला उपयोग होतो. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिनसारखी सेरोटोनिनवर काम करणारी औषधे दिली जातात. त्यांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, आणि नेमक्या ह्या काळात 'काही फरक नाही' म्हणून पुष्कळजण ती सोडून देतात. लॉस एंजेलिसच्या लुईस बॅक्स्टर ह्यांनी १९९२ साली काही रुग्णांच्या मेंदूचे उपचारापूर्वीचे आणि नंतरचे आलेख घेतले. गुण आलेल्या रुग्णांत, बेसल गँग्लियापैकी कॉडेट नावाच्या पुंजक्याची उजव्या बाजूची वाढलेली लगबग कमी झाली होती. ज्यांनी गोळ्या घेतल्या त्यांच्यात, आणि ज्यांनी फक्त वर्तनोपचार घेतला त्यांच्यातही! बोलण्याचा-वागण्याचा उपचार म्हणजे नुसती समजूत घालणे, असे मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष मुद्दाम लक्षात ठेवावा.

वर्गात

खोडून खोडून फाटलेले पान. उत्तर येत असूनही अपुरा राहिलेला पेपर, कारण प्रत्येक ओळ चारदा वाचली. मधल्या सुट्टीभर नळापाशी असलेली मुलगी. आणि दर पाच मिनिटांनी येणारा प्रश्न : "बाई, बरोबर लिहिलंय ना?" ह्यांपैकी एखादी गोष्ट अधूनमधून दिसणे काहीच विशेष नाही. लहान मुले रस्त्यावरच्या फरशांच्या रेघा चुकवत चालतात, झोपताना तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगायला लावतात, आणि हे वयाबरोबर आपोआप जाते. पण असे वागणे वाढत चालले, त्यात वेळ जाऊ लागला, ते अडवल्यावर मूल कासावीस होऊ लागले, तर ते अक्षर सुंदर काढण्याचा हट्ट किंवा आळस समजून सोडून देऊ नये.

'बाई, बरोबर आहे ना?' ह्या प्रश्नाला आपण प्रेमाने दहा वेळा 'हो' म्हणतो, तेव्हा कुलूप दहा वेळा ओढून पाहिल्यासारखेच होते, फक्त ओढणारा हात आपला असतो. एकदा उत्तर द्यावे. दुसऱ्यांदा 'तू विचारलं होतंस, मी सांगितलंय' एवढेच शांतपणे म्हणावे. चारचौघांत खोडरबर काढून घेणे, नक्कल करणे, 'किती हा नीटनेटकेपणा' असे चिडवणे ह्यांनी मूल ते लपवायला शिकते. लपवण्यात ही मुले आधीच तरबेज असतात.

पालकांशी बोलताना आजाराचे नाव घेण्याची घाई करू नये. निदान करणे हे मानसोपचारतज्ज्ञाचे काम. खडवली-वासिंदकडच्या पालकांना त्यासाठी कल्याण-ठाण्यापर्यंत जावे लागेल. ठाण्यात १९०१ साली सुरू झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी १९९० साली सुरू केलेली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्थाही आहे. लगेच जाणे शक्य नसेल तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तिथे मराठीतून बोलता येते. तज्ज्ञाकडे जाताना आठवडाभराची एक साधी नोंद सोबत न्यावी : कोणती गोष्ट, दिवसातून किती वेळा, किती मिनिटे, आणि घरातले कोण त्यात मदत करते. शेवटच्या रकान्यात पुष्कळदा आईचे नाव येते, आणि कधीकधी वर्गशिक्षकांचेही.